गिरणीच्या वळणावर कोणीही पडत नाही

माणूस कुठे पडतो याला फारसे महत्त्व नाही. तो कुठे पडल्याची नोंद होते याला आहे. पडणे ही क्षणभराची गोष्ट, नोंद कायमची. गुडघ्यावरची खपली पंधरा दिवसांत निघून जाते; पण तक्त्यातला एक आकडा काढायचा म्हटला तर तीन सह्या लागतात, एक गोल शिक्का लागतो, आणि तो आकडा चुकीचा होता हे सिद्ध करायला त्याच तक्त्याची खरी प्रत जोडावी लागते.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. गेली अकरा वर्षे मी आमच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात नोंदणी खिडकीवर बसतो. डॉक्टर जखम पाहतात, सिस्टर जखम धुतात, हाडांचे डॉक्टर एक्स-रे उजेडाकडे धरून "हं" म्हणतात. पण अपघात झाला आहे हे अधिकृतपणे ठरवतो तो मी. माझ्या खिडकीतून चिठ्ठी निघेपर्यंत समोरचा इसम हा केवळ एक दुखावलेला माणूस असतो. चिठ्ठी हातात पडली की त्याचा अपघात होतो.

एकाच खिडकीतून इतकी वर्षे पाहिले की रस्त्यावरच्या अपघातांचे काही नियम आपोआप ध्यानात येतात. पहिला नियम असा, की कोणताही अपघात जोरात होत नाही. गेल्या वर्षी चार हजार तीनशे अठरा माणसे रस्त्यावर पडून आमच्याकडे आली आणि ती सगळीच्या सगळी हळू चालली होती. (त्यांतले एक गृहस्थ मोटारसायकलसह कुंपणावरून जाऊन एका घराच्या अंगणात, वाळत घातलेल्या चादरीत उतरले होते. तेही हळूच चालले होते. उलट चादरच फार कडक वाळली होती, अशी त्यांची तक्रार होती.) दुसरा नियम असा, की चूक नेहमी समोरच्याची असते. दोघे समोरासमोर आदळून आले तर आम्ही त्यांना शेजारी शेजारी खाटा देतो. मग दोघांनाही समोर कोणी उरत नाही आणि विभागात शांतता राहते.

हेल्मेट हे अत्यंत सुरक्षित साधन आहे, हेही आकड्यांनी सिद्ध झाले आहे. गेल्या वर्षी तीनशे एक हेल्मेटे अपघातांत सापडली आणि एकालाही साधा ओरखडा नाही. बरीचशी हँडलला लटकत होती, काही कोपरात अडकवलेली होती (या गटात कोपराला इजा होण्याचे प्रमाण फारच कमी), आणि एक तर घरीच होते. तेही सुखरूप असल्याचे त्या गृहस्थांच्या आईने फोनवर कळवले. शुद्धीवर आल्यावर माणूस पहिल्यांदा "मी कुठे आहे?" असे विचारतो, अशी जुनी समजूत आहे. आता पहिला प्रश्न "फोन कुठे आहे?" हा असतो. "मी" चौथ्या क्रमांकावर गेला आहे. (मधल्या दोन जागा गाडी आणि चार्जर यांनी घेतल्या.) दर जखमीमागे सहा पूर्णांक चार नातेवाईक येतात. त्यांतले सहा काळजी करतात. उरलेला दशांश चार माझ्या काचेवर टकटक करून आपली वर किती ओळख आहे ते सांगतो.

पण या सगळ्यांहून थोर नियम ठिकाणाचा आहे. आमच्या शहरातले पंच्याण्णव टक्के अपघात आमच्याच रुग्णालयाच्या मुख्य फाटकासमोर होतात.

ऐकणाऱ्याला याचे नवल वाटते. मला वाटत नाही, कारण ते मीच करतो. झाले आहे ते असे. आमच्या कॉम्प्युटरवर नोंदीचा जो तक्ता आहे, त्यात "अपघाताचे ठिकाण" हा रकाना मोकळा सोडता येत नाही. सोडला तर कॉम्प्युटर "टुंग" करून रुसून बसतो. त्या रकान्याखाली अठ्ठावन्न ठिकाणांची यादी उघडते. यादी करणारा माणूस आमच्याच कचेरीत खिडकीशी बसला होता. त्याने मान वर करून पाहिले, पहिले दिसले ते मुख्य फाटक, ते पहिले लिहिले. मग बस थांबा दिसला, तो दुसरा लिहिला. आणि असा तो हळूहळू शहरात शिरत गेला. यादी उघडली की पट्टी पहिल्या नावावर उभी असते. एंटर दाबले की फाटक. दुसरे काही हवे असेल तर बाणाचे बटण तितक्या वेळा दाबायचे. गिरणीचे वळण सत्तेचाळिसावे आहे, म्हणजे शेहेचाळीस वेळा. बटण दाबून धरले तर पट्टी सुसाट सुटते आणि थेट अठ्ठावन्नाव्या "इतर"वर जाऊन आदळते. "इतर" लिहिले की तपशील द्यावा लागतो, आणि तपशिलाखाली अधीक्षकांची सही लागते.

समोर एक माणूस फुटलेली कोपरे घेऊन उभा आहे, त्याच्यामागे रांग आहे. अशा वेळी सुज्ञ कारकून काय करील? एंटर दाबील. गेल्या वर्षी मी चार हजार एकशे सोळा वेळा दाबले. एकशे सत्त्याण्णव अपघात बस थांब्यावर झाले (स्वेटरची बाही बाणाच्या बटणाला लागते, हे सगळे हिवाळ्यातले आहेत). उरलेल्या पाचांची ठिकाणे अगदी बरोबर नोंदली गेली, कारण ते अधीक्षक साहेबांचे नातलग होते आणि साहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते. माझा नोंदीचा वेग दर रुग्णाला नऊ सेकंद आहे. त्याबद्दल मिळालेले प्रशस्तिपत्र खिडकीच्या वरच, रांगेतल्या प्रत्येकाला दिसेल असे लावले आहे.

हा तक्ता दर महिन्याला वाहतूक सुरक्षा समितीकडे जातो. समितीत सात सभासद आहेत आणि सातही जण मनापासून काम करतात, हे मी मुद्दाम सांगतो. आकडे पाहून त्यांच्या काळजाचे पाणी झाले. एका फाटकासमोर एवढी माणसे पडतात! त्यांनी ताबडतोब आमच्या फाटकाला "अतिधोकादायक ठिकाण" जाहीर केले आणि समोरच्या ऐंशी पावलांत नऊ स्पीडब्रेकर बांधले. परिणाम लगेच दिसला. बेशुद्ध येणारे रुग्ण सहाव्या-सातव्या उंचवट्यावर शुद्धीवर येऊ लागले, आणि त्यामुळे आमच्या डॉक्टरांचे यश पुष्कळ वाढले. (पाठीचे दुखणे असलेल्यांचे मत वेगळे असू शकेल, त्यांना विचारण्याची पद्धत नाही.) शिवाय तिथे शिट्टी घेऊन एक हवालदार उभा केला. तो पहिल्याच आठवड्यात पाचव्या स्पीडब्रेकरला अडखळून पडला आणि आत आला. अकरा वर्षांत मी ज्याचे ठिकाण विचारून, खात्री करून, शंभर टक्के खरे नोंदवले असा तो एकमेव सामान्य रुग्ण. बटण तेच दाबले, पण समाधान वेगळे होते.

याउलट गिरणीच्या वळणावर कोणीही पडत नाही. एका बाजूला पिठाच्या गिरणीची भिंत, दुसऱ्या बाजूला गल्लीचे तोंड, चाळीस पावलांवर प्राथमिक शाळा, आणि तरीही तीन वर्षांत शून्य अपघात. याचे श्रेय समितीने तिथे लावलेल्या बोर्डाला दिले जाते. बोर्ड बारा फूट लांब आणि आठ फूट उंच आहे. त्यावर "सावकाश जा, घरी कोणीतरी वाट पाहत आहे" असे लिहिले आहे आणि खाली सातही सभासद हसत आहेत. बोर्ड बरोबर कोपऱ्यात आहे, म्हणजे वळणाऱ्याला पलीकडचे काही दिसत नाही आणि त्याचे लक्ष पूर्णपणे मजकुरावर राहते. बोर्ड लावल्यापासून तिथे एकही अपघात नोंदलेला नाही. (लावण्यापूर्वीही नव्हता, पण तेव्हाचे कोणी विचारले नाही.)

या सुखी चित्रात एकच माणूस खुसपट काढत असे. आमच्या मोठ्या सिस्टर. सव्वीस वर्षे जखमा धुऊन त्यांना एक वाईट खोड लागली आहे: त्या जखमेकडे बघतात. एक दिवस त्या हातात चिमटा आणि चिमट्यात कापसाचा बोळा घेऊन माझ्या खिडकीशी आल्या.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "काय दिसतंय?"

"कापूस."

"कापसावर?"

"पांढरं काहीतरी."

"पीठ आहे. गुडघ्यात लाल खडी, केसांत पीठ. सकाळपासून चौथा. आपल्या फाटकासमोर कुठं पीठ आहे हो?"

गिरणीतून उडालेले पीठ त्या वळणावर रस्त्यावर बसते, चाके घसरतात, आणि पडणारा पांढरा होऊन उठतो, असा त्यांचा सिद्धांत होता. तो बोर्ड काढून टाकला तर निम्मे पेशंट कमी होतील, असेही त्या म्हणत. मी त्यांना शांतपणे समजावले, की सिस्टर, तुमच्याकडे पीठ आहे, माझ्याकडे आकडे आहेत. समिती पीठ स्वीकारत नाही. त्यावर त्या माझ्याकडे, सलाईनची बाटली संपत आली की जसे बघतात, तसे बघून निघून गेल्या.

हे असेच सुरळीत चालले असते. पण एका मंगळवारी, नऊच्या सुमारास, रांग बरीच मोठी होती. मी नेहमीप्रमाणे पडद्यावर नजर ठेवून काम करत होतो. (चेहरे पाहिले की वेग कमी होतो.) "पूर्ण नाव?" मी म्हणालो. एका बाईने सांगितले. मधले नाव टाइप करताना हे कुठेतरी ऐकले आहे असे वाटले, पण मी वेग मोडला नाही.

"वय?"

"छत्तीस."

आवाज ओळखीचा होता, वय नव्हते. मी एंटर दाबले, ठिकाण झाले, आणि पुढे गेलो.

"पत्ता?"

"तुमचाच."

मी मान वर केली. काचेपलीकडे माझी बायको उभी होती. तिचे केस पांढरेशुभ्र झाले होते. क्षणभर मला वाटले, ही बिचारी किती वर्षे माझ्या रांगेत उभी आहे! मग दिसले की ते पीठ आहे. तिचा डावा घोटा सुजून गोळा झाला होता, आणि तिचा हात धरून आमची सात वर्षांची मुलगी उभी होती. मुलीच्या हातात आईची एक चप्पल होती. मुलगी पण पांढरी झाली होती.

मी घाबरलो. हे सरळच सांगतो, यात विनोद काही नाही. रोज बारा-बारा जखमी नोंदवणारा माणूस मी, पण खिडकीतून हात बाहेर काढून मुलीला चाचपू लागलो. मुलीला काही लागले नव्हते. पिठावरून घसरलेली एक स्कूटर तिच्या आणि तिच्या आईच्या मधून, म्हणजे जिथे मधे काही जागा नव्हती तिथून गेली होती.

दरम्यान यंत्र आपले काम करत होते. चिठ्ठी बाहेर आली. बायकोने ती वाचली.

"मी फाटकासमोर कधी पडले?"

"ते तसंच असतं."

"तसंच म्हणजे?"

"म्हणजे सगळे तिथंच पडतात."

"मी गिरणीच्या वळणावर पडले. शाळेसमोर. चाळीस माणसांनी बघितलं. मग तिथून इथवर लंगडत कशाला आले? परत पडायला?"

"अगं, ती यादी असते—"

"तुम्ही मला विचारलंत तरी का, कुठं पडलीस म्हणून?"

रांगेतले लोक आता आवडीने ऐकत होते. मागून मोठ्या सिस्टर आल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवला, केसांवरून एक बोट फिरवले आणि ते बोट मला दाखवले.

घोटा मुरगळला होता, तीन आठवडे पट्टी. त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून मुलीला शाळेत सोडणे माझ्याकडे आले. मी तिला घेऊन गिरणीच्या वळणावर गेलो. ज्या ठिकाणी अकरा वर्षांत मी एकही माणूस पडू दिला नाही, ते ठिकाण मी पहिल्यांदाच नीट पाहत होतो. बोर्डाच्या पलीकडून गाड्यांचा आवाज येत होता, पण गाडी दिसायची ती एकदम अंगावर. सातही सभासद हसत होते. मी एक पाऊल पुढे टाकायचो आणि दोन मागे घ्यायचो. पाच मिनिटे गेली.

"बाबा, असं नसतं करायचं," मुलगी म्हणाली. "खाली बसायचं."

ती उकिडवी बसली. बोर्ड दोन खांबांवर उभा आहे आणि त्याच्या खाली दीड फूट मोकळी जागा आहे. "इथून बघायचं. चाकं दिसली की थांबायचं. चाकं नसली की पळायचं." मी आजूबाजूला पाहिले. दप्तरे पाठीवर घेतलेली दहा-बारा मुले रस्त्याकडेला तशीच उकिडवी बसून बोर्डाखालून बघत होती, आणि आळीपाळीने उठून पळत होती. हे त्यांनी त्यांचे त्यांनीच शोधून काढले होते. मीही उकिडवा बसलो. चाके नव्हती. आम्ही पळालो.

त्याच दिवशी कचेरीत समितीचे परिपत्रक आले. गिरणीच्या वळणावरील बोर्डाच्या असाधारण यशाबद्दल समितीने स्वतःचे अभिनंदन केले होते. सभासदांची संख्या सातावरून अकरा होत असल्यामुळे नव्या चार सभासदांच्या छायाचित्रांसाठी बोर्ड खाली जमिनीपर्यंत वाढवण्यात येणार होता. महिनाअखेरच्या बैठकीत, या महिन्याचा तक्ता पाहून, शिक्कामोर्तब.

मी परिपत्रक दोनदा वाचले आणि मोठ्या सिस्टरांकडे गेलो. "सिस्टर," मी म्हणालो, "किती पीठ आहे म्हणालात?"

त्या दिवसापासून मी विचारायला लागलो. बैठकीला वीस दिवस होते. प्रत्येक जखमीला, काचेतून चेहऱ्याकडे बघून, "नेमके कुठे पडलात?" असे मी विचारत असे. विचारले की कळते, माणसाला आपण कुठे पडलो हे सांगणे किती अवघड जाते. "ते नाही का, पूर्वी जिथं शिंपी बसायचा!" "अहो तिथंच, मागच्या वेळी पडलो होतो त्याच्या जरा अलीकडे." एका नवरा-बायकोने खिडकीसमोर सव्वा तीन मिनिटे भांडण केले, कारण नवरा म्हणे चौकात पडलो आणि बायको म्हणे चौकात तू फक्त फोन काढलास, पडलास पुढे. (शेवटी दोन्ही लिहिले.) केसांत पीठ असले की मी काही न विचारता बाण दाबायला घेत असे. शेहेचाळीस वेळा, मोजून. तिसऱ्या दिवशी बोट दुखायला लागले. मोठ्या सिस्टरांनी त्याला पट्टी बांधली आणि पहिल्यांदाच माझ्याशी हसून बोलल्या.

बायको रोज संध्याकाळी पाय उशीवर ठेवून आकडा विचारायची. "आज किती?" "आठ." "शाब्बास," ती म्हणायची, आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन जीभ चावायची.

नऊ दिवसांत एकशे चार जखमी आले. त्यांतले एकसष्ट गिरणीच्या वळणावर पडले होते. मुख्य फाटकासमोर शून्य. हवालदार नऊ स्पीडब्रेकरांच्या मधे एकटाच उभा राहून शिट्टी वाजवत होता आणि मला त्याची दया येऊ लागली. उरलेले अकरा दिवस असेच गेले असते तर अकरा सभासदांना हसायला दुसरीकडे कुठेतरी जावे लागले असते.

दहाव्या दिवशी अधीक्षक साहेबांनी मला बोलावले. त्यांच्यापुढे तक्रारवही होती. ही वही माझ्या खिडकीशेजारी सुतळीने बांधलेली असते. अकरा वर्षांत तिच्यात चार तक्रारी आल्या होत्या, आणि त्यांतल्या तीन वहीच्या पेनाबद्दल होत्या. आता तिच्यात त्रेसष्ट सह्या होत्या. जखमींच्या नव्हेत. माझ्या खिडकीवर रुग्णांना भेटायला येणाऱ्यांचे पासही मिळतात. रांगेतले चारांपैकी तीन जण धडधाकट असतात. मजकूर असा होता: "खिडकीवरील कारकून जखमींशी गप्पा मारत बसतात. कोण कुठे पडला याच्याशी आम्हांला काय करायचे आहे? आमचा खोळंबा होतो." पहिल्या तक्रारदाराने पट्टीने आखून सुबक रकाने केले होते: नाव, सही, घाईचे कारण.

साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले. मुलांचे उकिडवे बसणे मी त्यांना प्रत्यक्ष बसून दाखवले.

"मला तुमचं शंभर टक्के पटतंय," ते म्हणाले. "पण हे बघा. वळणावर पडलेले किती?"

"एकसष्ट."

"आणि सह्या?"

"त्रेसष्ट."

"दोन जास्त आहेत," साहेब खेदाने म्हणाले. "आपल्याला आकड्यांच्या बाहेर जाता येत नाही."

"साहेब, पण ते एकसष्ट जखमी आहेत!"

"म्हणून तर. जखमी माणूस तक्रार करत नाही, त्याला तेवढं त्राणच नसतं. तक्रार करतो तो धडधाकट माणूस. आणि धडधाकट लोकांना नाराज करून कुठलं रुग्णालय चालतं का? तुम्हीच सांगा."

त्याच दुपारी लेखी आदेश निघाला: "नोंदणी खिडकीवरील कर्मचाऱ्याने रुग्णास अथवा अभ्यागतास कोणतेही ठिकाण विचारू नये." माझे नऊ दिवस "प्रायोगिक" ठरवून वगळण्यात आले, आणि त्या दिवसांतले सर्व एकशे चार रुग्ण सन्मानपूर्वक मुख्य फाटकासमोर हलवण्यात आले. बैठक झाली. फाटकाला आणखी चार स्पीडब्रेकर मंजूर झाले. बोर्ड जमिनीला टेकला.

नव्या बोर्डासमोर मुलगी पहिल्या दिवशी सवयीने खाली बसली. तिच्यासमोर, बरोबर तिच्या उंचीवर, एक नवा सभासद हसत होता. "बाबा, आता कुठून बघायचं?" तिने विचारले. कामावर गेल्यावर मी तोच प्रश्न मोठ्या सिस्टरांना विचारला.

उत्तर मोठ्या सिस्टरांनी काढले. आता रोज सकाळी सव्वाआठ ते साडेआठ त्या, आमचे वॉर्डमामा आणि लंगडत का होईना माझी बायको असे तिघे, रुग्णालयाचे एक स्ट्रेचर घेऊन गिरणीच्या वळणावर जातात. मुले आपली दप्तरे स्ट्रेचरवर रचतात, मामा वरून पांढरी चादर घालतात, आणि दोन्ही बाजूंनी मुले अशी ती मिरवणूक हळूहळू रस्ता ओलांडते. आमच्या लोकांचे मन मोठे आहे. जिवंत मुलासाठी थांबायला वेळ नसला तरी चादरीखालच्या दप्तरांसाठी सगळे थांबतात. काही जण तर आदराने कोपरातले हेल्मेट काढून हातात धरतात. मुलांना हसू आवरत नाही, सिस्टर त्यांना दटावतात, "गंभीर चेहरा करा रे, नाहीतर गाड्या सुटतील!" माझी मुलगी यात इतकी पटाईत झाली आहे, की परवा तिला पाहून एका ट्रकवाल्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्या पंधरा मिनिटांत महिनाभर कोणी पडलेले नाही. दुपारी शाळा सुटते तेव्हा मात्र सिस्टर आणि मामा दोघेही कामावर असतात आणि स्ट्रेचरवर पेशंट असतो. बहुतेक वेळा पिठाचाच.

मी पुन्हा नऊ सेकंदांवर आलो आहे. मधे मोकळा वेळ मिळाला की तक्रारवही चाळतो. एकेक सही बघतो, आणि हे सगळे सांगायचे तर कोणाला सांगावे याचा विचार करतो. सतराव्या क्रमांकाची सही मला ओळखू येते. खाली एक झोकदार रेघ, रेघेखाली दोन टिंबे. नाही म्हणू नका, तुमचीच आहे. तुम्ही पास घ्यायला आला होतात, तुमच्या पुढे एक आजोबा होते, आणि त्यांना आपण कुठे पडलो ते काही केल्या आठवत नव्हते. तुम्ही काचेवर टकटक केलीत, घड्याळ दाखवलेत, मग वही ओढून घेतलीत. घाईच्या कारणाच्या रकान्यात तुमच्या सुरेख अक्षरात लिहिले आहे: "मुलीची शाळा सुटायची वेळ झाली आहे."

कुठली शाळा, ते मी विचारलेले नाही. विचारायला आता मनाई आहे.